विमानतळाचा राखणदार



जोंधळा हुरड्यास आला म्हणजे आपल्याकडे शेतांत माळा उभा राहतो. माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार दिवसभर हाकारे घालीत असतो. आणि शेताच्या मध्यावर फाटका सदरा ल्यालेलें, मडक्याच्या डोक्याचें बुजगावणें उभें असतें. पहिले दोन दिवस पांखरें त्याला भितात. चौथ्या दिवशीं त्याच्याच खांद्यावर कावळा येऊन बसतो. हें शेतकऱ्याच्या पोरालाहि ठाऊक असतें. जगांतील विमानतळांना मात्र तें उमगण्यास फार काळ लागला, आणि त्यापायीं अनेकांचे प्राण गेले. त्या अनुभवाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

माणूस आकाशांत शिरला तेव्हांपासूनच ही गांठ पडूं लागली. अमेरिकेंतील डेटन शहराजवळ ७ सप्टेंबर १९०५ रोजीं ऑर्व्हिल राइट आपलें विमान मक्याच्या शेतावरून फिरवीत असतां एक पक्षी त्यावर आपटून मेला. त्या वेळीं ती एक किरकोळ नोंद होती. पण सात वर्षें पुरीं झालीं नव्हतीं तोंच, ३ एप्रिल १९१२ रोजीं, कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें कॅल्ब्रेथ रॉजर्स हा वैमानिक किनाऱ्याजवळ कोसळून मरण पावला. आदल्याच वर्षीं त्यानें विमानानें अमेरिका प्रथम ओलांडली होती. समुद्रावरील एक कुरव पक्षी त्याच्या विमानावर आदळला होता. पक्ष्याच्या धडकेमुळें मृत्यू आलेला पहिला वैमानिक म्हणून त्याची गणना होते.

पुढें विमानें मोठीं आणि वेगवान झालीं. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. त्यांत टर्बाइन इंजिन आलें. तें समोरची हवा पोटांत ओढून घेतें, आणि हवेबरोबर पक्षीहि. ४ ऑक्टोबर १९६० च्या संध्याकाळीं बोस्टनच्या लोगन विमानतळावरून ७२ माणसांना घेऊन लॉकहीड इलेक्ट्रा जातीचें एक विमान उडालें. तोंच स्टार्लिंग पक्ष्यांचा मोठा थवा आडवा आला. चारांपैकीं तीन इंजिनांत पक्षी शिरले. एक बंद पडलें, दोहोंचा जोर क्षणभर ओसरला, आणि पाहतां पाहतां विमान विंथ्रॉपच्या खाडींत कोसळलें. ६२ जण मृत्युमुखीं पडले.

हा स्टार्लिंग म्हणजे हिवाळ्यांत आपल्या जोंधळ्यावर धाड घालणाऱ्या भोरडीचा चुलतभाऊ. वजन सुमारें सात तोळे, म्हणजे ८० ग्रॅम. तो मूळचा अमेरिकेचाहि नव्हे. १८९० सालीं युरोपांतून आणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें तो हौसेनें सोडण्यांत आला होता. सत्तर वर्षांनीं त्या हौसेचें फळ कोणाच्या पदरांत पडलें, पाहा!

पण इंजिनांत सांपडलेल्या पिसांच्या चिंध्यांवरून पक्षी ओळखावयाचा कसा? हें काम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतील रॉक्सी लेबोर्न या विदुषींकडे आलें. पिसाच्या बुडाशीं असलेले लवीसारखे तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, आणि संग्रहालयांतील नमुन्यांशीं पिसें ताडून, त्यांनीं उत्तर दिलें. त्यांच्या या कामांतून पुढें एक स्वतंत्र शास्त्रच उभें राहिलें. वरवर पाहतां हा पंडिती खटाटोप वाटेल. परंतु चोर कोण हें कळल्यावांचून कुलूप कोणतें लावावें हें कसें ठरणार? कुरव किड्यांसाठीं येतो, घार मांसासाठीं, कबूतर दाण्यासाठीं. प्रत्येकाला हांकलण्याची रीत निराळी.

ही गोष्ट विसरून जीं साधनें घेतलीं गेलीं त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पहिलें साधन म्हणजे वायूची तोफ. नळींत वायु भरतो, ठिणगी पडते, आणि ठराविक वेळानें मोठा बार होतो. दोष त्या ‘ठराविक’ शब्दांतच आहे. बार होतो पण कोणी मरत नाहीं, हें पक्ष्यांच्या लवकरच ध्यानांत येतें, आणि मग ते तोफेशेजारींच निर्धास्त चरूं लागतात. दुसरा उपाय अधिक बुद्धीचा होता. १९५४ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ हूबर्ट फ्रिंग्ज व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, पकडलेल्या स्टार्लिंगचा आक्रोश मुद्रित करून थव्याला ऐकविला, तर तो थवा आपला रात्रीचा थारा सोडून जातो. पण आक्रोश ज्या जातीचा, त्याच जातीवर त्याचा खरा परिणाम होतो. आणि तोहि वारंवार वाजविल्यास बोथट होतो. माणसाला ऐकूं न येणाऱ्या अतिसूक्ष्म ध्वनीचीं यंत्रेंहि बाजारांत आलीं. परंतु तसला ध्वनि पक्ष्यांनाहि ऐकूं येत नाहीं! घेणाऱ्यानें एवढें विचारलें असतें तरी पैसा वांचला असता.

टिकला तो जिवंत पाठलाग. १९९९ सालीं फ्लॉरिडांतील फोर्ट मायर्सच्या विमानतळानें मेंढ्या राखणाऱ्या जातीचा एक कुत्रा कामावर ठेविला. कुत्रा ठराविक वेळीं येत नाहीं, ठराविक वाटेनें धांवत नाहीं. म्हणून पक्षी त्याला सरावत नाहींत. तोफ असो, फटाक्याची पिस्तूल असो कीं ध्वनिवर्धक असो, तें हातीं घेऊन, पक्षी पाहून, वेळ व जागा बदलून वापरणारा माणूस असेल तरच त्याचा उपयोग. माळ्यावरचा राखणदार दुसरें काय करतो?

तरीहि राखणदाराचे हात कोठें तरी अपुरे पडतात. २६ फेब्रुवारी १९७३ रोजीं अमेरिकेंत अटलांटाजवळच्या विमानतळावरून उडालेलें एक लहान जेट विमान पक्ष्यांच्या थव्यांत सांपडून कोसळलें आणि त्यांतील सातहि जण ठार झाले. विमानतळाला लागूनच गांवचा उकिरडा होता. तेथें मेजवानी मांडून ठेवावी आणि येथें तोफा उडवाव्या, याला काय म्हणावें? ब्रिटनमध्यें धांवपट्टीलगतचें गवत वीतभर उंच राखण्याची रीत पडली. त्यांत कुरवांना किडे टिपणें व शत्रु दिसणें अवघड जातें. मात्र तीच रीत उष्ण देशांत डोळे मिटून उचलली, तर गवतांत उंदीर व टोळ माजतात आणि घारींना आमंत्रण मिळतें.

घारींचें नांव निघालें, म्हणजे आपलें घर आलें. ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’नें भारतीय विमानतळांवरील या संकटाचा अभ्यास केला. त्यांत गिधाडें व घारी ह्यांच्याकडे मुख्यतः बोट दाखविण्यांत आलें. आणि दोघांनाहि खेंचून आणणारी वस्तु होती शहराची घाण. पुढें गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळें गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं, घारी राहिल्या. १९३७ च्या विमान-नियमांतील ९१ वा नियम, त्याच्या सुधारलेल्या रूपांत, विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आंत जनावरें कापण्यास, आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकण्यास मनाई करतो. उपाहारगृहें, खाटिकांचीं व मासळीचीं दुकानें यांचा त्यांत नांवानिशीं उल्लेख आहे.

मुंबई विमानतळाच्या धांवपट्टीवरून दहा किलोमीटरांचें वर्तुळ काढून पाहावें. त्यांत किती वस्त्या, किती बाजार आणि किती स्वयंपाकघरें येतात! कुंपणाच्या आंतला राखणदार कितीहि दक्ष असला, तरी कुंपणाबाहेरचा उकिरडा त्याच्या हातांतला नाहीं. २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका विमानावर रोहित पक्ष्यांचा थवा आदळला; ३९ पक्षी मेले, विमान मात्र सुखरूप उतरलें. ते पक्षी कचऱ्यासाठीं नव्हे, तर खाडीसाठीं आले होते. त्यांच्यावर तोफ डागून भागणार नव्हतें.

तेव्हां साधन निवडतांना आधीं यंत्राची किंमत विचारूं नये. पक्षी कोणता, तो कशासाठीं येतो, आणि त्याला कोण बोलावतें, हें विचारावें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना आपणांपैकीं पुष्कळांना आपल्याच गल्लींतली कचराकुंडी आठवेल. आज रात्रीं ती उघडी राहणार नाहीं, एवढें तरी आपणांस पाहतां येईल.