लिनक्सचा पडदा आणि त्याचा धनी

भाड्याच्या बिऱ्हाडांत भिंतीला खिळा ठोकावयाचा झाला तरी घरमालकाची अनुज्ञा घ्यावी लागते. स्वतःच्या घरांत देवघर कोणत्या दिशेस असावें हें घरधनीच ठरवितो. संगणकाच्या पडद्याविषयीं असाच वाद गेलीं चाळीस वर्षें चालू आहे. खिडकीची चौकट कशी दिसावी, ती कोठें उघडावी, कोणती कळ दाबली असतां काय घडावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? करणाराचा कीं वापरणाराचा? लिनक्सच्या डेस्कटॉपचा इतिहास हा बव्हंशीं या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ लिनक्सच्याहि पूर्वीं झाला. १९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटीस यांनीं ‘एक्स’ नांवाची पद्धति रचली; तिची अकरावी आवृत्ति १९८७ मध्यें निघाली. संस्थेंत निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें होतीं. तेव्हां रचनाकारांनीं असा दंडक घातला कीं, एक्सनें साधन पुरवावें, धोरण ठरवूं नये. पडद्यावर रेषा व अक्षरें काढणें आणि कळफलक व माउस यांची वर्दी पोहोंचविणें, एवढेंच एक्सचें काम. खिडकीला चौकट देणें, ती हलविणें, लहानमोठी करणें हें ‘विंडो मॅनेजर’ या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोंपविलें. त्यास घराचा कारभारी म्हणतां येईल. कारभारी पसंत न पडला तर दुसरा नेमावा. खालचें यंत्र तसेंच चालूं राहतें. पुढील सर्व स्वातंत्र्याचें बीज या एका निर्णयांत आहे.

१९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, व लवकरच एक्स त्यावर चालूं लागलें. १९९३ मध्यें रॉबर्ट नेशन यानें ‘एफ. व्ही. डब्ल्यू. एम.’ हा कारभारी तयार केला. त्याची सारी वागणूक एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असे. रंग, किनारीची जाडी, कळांचे संकेत, मेनूंतील नांवें, यांपैकीं कोणतीहि ओळ बदलली कीं पडदा बदलला. हौशी मंडळींना हें फार मानवलें. पण सामान्य माणसाची पंचाईत झाली. एका खिडकींतील बटण एका तऱ्हेचें, तर शेजारच्या खिडकींतील दुसऱ्याच!

ही विसंगति दूर करण्यासाठीं १४ ऑक्टोबर १९९६ रोजीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील विद्यार्थी मथायस एट्रिख यानें ‘के. डी. ई.’ची घोषणा केली. परंतु तिचा पाया जें ‘क्यूटी’ नांवाचें साधन, त्याचा परवाना तेव्हां पुरता मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्यें मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनीं ‘ग्नोम’चा संकल्प सोडला. २००० सालीं क्यूटी मुक्त परवान्याखालीं आलें, भांडणाचें मूळ कारण मिटलें. तरीहि चुली वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या.

पुढें दोघांचे स्वभावहि वेगळे झाले. के. डी. ई.नें शक्य तेवढे पर्याय वापरणाराच्या हातीं दिले. ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीनें २००२ मध्यें पुष्कळ पर्याय काढून टाकले. प्रत्येक पर्यायाची किंमत मोजावी लागते, हें हॅवॉक पेनिंग्टन यांचें प्रतिपादन होतें. पर्याय वाढले कीं तपासणी वाढते, चुका लपतात आणि नवखा गोंधळतो. यांत तथ्य होतें. पण २००५ सालीं खुद्द टॉरवाल्ड्सनें ग्नोमवर कडक टीका करून लोकांना के. डी. ई. वापरण्याचा सल्ला दिला.

एप्रिल २०११ मध्यें ग्नोमची तिसरी आवृत्ति आली, आणि ओळखीचा मेनू व खिडक्यांची यादी दिसेनाशी झाली. एका रात्रींत कोणीं घरांतील भांडीं हलवावीं तसें लोकांस वाटलें. मात्र ते नुसते कुरकुरत बसले नाहींत. कांहींनीं जुन्या आवृत्तीचा मजकूर उचलून ‘माटे’ या नांवानें तो चालूं ठेवला. लिनक्स मिंटच्या मंडळींनीं ‘सिनॅमन’ उभें केलें. इतरांनीं ग्नोमला जोडपुरवण्या लावल्या; पण त्या आंतल्या यंत्रणेलाच हात घालीत असल्यामुळें नवी आवृत्ति आली कीं अनेकदां मोडत.

सजावटीचा त्रास करणारालाहि होतो. परक्या थीममुळें अक्षरें पार्श्वभूमींत बुडतात, आणि तक्रार मात्र मूळ लेखकाकडे येते. म्हणून २०१९ मध्यें कांहीं लेखकांनीं, आमच्या प्रोग्रॅमांना परस्पर रंग देऊं नका, असें उघड पत्र लिहिलें. मार्च २०२२ च्या ग्नोम ४२ पासून नव्या प्रोग्रॅमांचें रूप बरेंचसें कायम झालें. सप्टेंबर २०२४ मध्यें ठळक रंग निवडण्याची मुभा तेवढी मिळाली. २००८ मध्यें क्रिस्टियन हॉग्सबर्ग यानें आरंभलेल्या ‘वेलँड’ पद्धतींत तर पडदा रंगविणारा व कारभारी एकच झाले आहेत. सुरक्षितता वाढली, पण केवळ कारभारी बदलण्याची जुनी सोय राहिली नाहीं.

मग घरधनी कोण? पर्यायांची यादी लांब असो वा आंखूड, खरा अधिकार तीत नाहीं. तो मूळ मजकूर वाचण्याच्या, बदलण्याच्या व पुन्हां वांटण्याच्या परवान्यांत आहे. याच अधिकाराच्या बळावर माटे जगलें, आणि ग्नोम व के. डी. ई. यांचे मेनू मराठींत आणतां आले. सर्वांनाच गवंडीकाम येत नाहीं. परंतु ज्या घराची भिंत पाडून पुन्हां बांधण्याची मोकळीक आहे, त्या घरांत राहणाराला भाडेकरू म्हणतां येत नाहीं.