हेबोनसाहेब आणि हेप्पुबानबाई

ऑड्री हेपबर्न ही हॉलिवूडची नटी आणि जेम्स कर्टिस हेपबर्न हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन मिशनरी डॉक्टर. आडनाव एकच. जपानीत मात्र डॉक्टर झाले 'हेबोन' आणि नटी झाली 'हेप्पुबान'. गंमत अशी की जपानी नावं रोमन लिपीत लिहिण्याची जी पद्धत आज जपानच्या पासपोर्टवरही चालते, ती या डॉक्टरांच्याच नावानं ओळखली जाते आणि तिथेही ते 'हेबोन'च आहेत.

यात चूक कुणाचीच नाही. डॉक्टर 1859 मध्ये जपानला पोचले. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना जे ऐकू आलं ते 'हेबोन'. पुढे 1867 मध्ये त्यांनी जपानी-इंग्रजी कोश काढला, नाव सर्वतोमुखी झालं, ते याच रूपात. 'रोमन हॉलिडे' जपानमध्ये लागला 1954 साली. तोवर इंग्रजी छापील पानावरून शिकलेली पिढी तयार झाली होती. तिनं स्पेलिंगमधला 'पी' सोडला नाही. जपानीत 'न' वगळता व्यंजन सुटं उभं राहत नाही, म्हणून 'प'ला उकार जोडला आणि 'हेप्पुबान' तयार झालं. एक नाव कानानं आलं, दुसरं डोळ्यांनी. परक्या नावांचा जपानमधला सगळा इतिहास या दोन वाटांचा आहे.

ही नावं ज्या लिपीत लिहितात ती काताकाना. तिचा जन्मच मुळी परकी भाषा वाचण्यासाठी झाला. नवव्या शतकात नारा आणि क्योतोच्या मठांमध्ये भिक्षू चिनी भाषेतली बौद्ध सूत्रं वाचत. ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उच्चाराची, विभक्तीची खूण करून ठेवायची, तर अख्खं चिनी अक्षर मावायचं नाही. मग त्यांनी अक्षरांचे तुकडे केले. 'इ'साठीच्या अक्षराचा फक्त डावा भाग घेतला, 'का'चाही डावाच, 'रो'साठीच्या अक्षरातला एक चौकोन तेवढा ठेवला. ओळींमधल्या टिपणांची ही लघुलिपी हळूहळू स्वतंत्र लिपी झाली.

तिचा तक्ता पाहिला की मराठी वाचक दचकतो. स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी येतात क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपली वर्णमालाच आहे, थोडी विरळ झालेली. कूकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला तो सिद्धम् या भारतीय लिपीचं आणि संस्कृत मंत्रोच्चाराचं शिक्षण घेऊन. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंनी जपानी ध्वनी त्याच क्रमात मांडले. 'च'च्या जागी 'स' दिसतो, कारण तेव्हाचा जपानी 'स' चकाराच्या जवळचा होता. 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण आजचा 'ह' हा मुळातला 'प' आहे. उच्चार बदलले, पण अक्षरांनी जागा सोडल्या नाहीत.

तरीही परक्या माणसाचं नाव काताकानात लिहायची रीत लगेच पडली नाही. जुना मार्ग चिनी अक्षरांचाच होता. 752 मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी करणारा भारतीय भिक्षू बोधिसेन चिनी अक्षरांतच नोंदला गेला. पाश्चात्त्य देशांची नावंही अशीच ध्वनी जुळवून लिहिली गेली. त्यांची आद्याक्षरं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत अजून टिकून आहेत. फ्रान्ससाठी येणारं अक्षर बुद्धाचं आहे आणि अमेरिकेसाठीचं तांदळाचं.

वळण आलं ते एका चौकशीमुळे. 1708 मध्ये जोव्हानी बात्तिस्ता सिदोत्ती हा इटालियन पाद्री, ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, सामुराईचा वेष करून याकुशिमा बेटावर उतरला. लगेच पकडला गेला. 1709 मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, आराई हाकुसेकी या विद्वान सल्लागारानं त्याची जबानी घेतली. मध्ये डच जाणणारे दुभाषे होते. त्यातून 'सेइयो किबुन' हा ग्रंथ झाला आणि त्यात पाश्चात्त्य माणसांची, गावांची नावं हाकुसेकीनं काताकानात उतरवली. सिदोत्ती तिथे 'शिरोते' झाला. बरोबरच आहे, कारण हाकुसेकीसमोर स्पेलिंग नव्हतं, बोलणारा माणूस होता.

कानाची वाट धरली की लिपीची कमतरता जाणवायला लागते. इंग्रजीतला 'व्ही' जपानीत नव्हता. मराठीनं त्यासाठी 'व्ह' केला. विचारवंत फुकुझावा युकिची यांनी 1860 मध्ये, अमेरिकेहून परतल्यावर काढलेल्या शब्दसंग्रहात, 'उ'च्या अक्षराला दोन टिंबं देऊन हा 'व्ह' घडवला. 'ति' आणि 'दि' हेही नव्हते, त्यांच्या जागी 'चि' आणि 'जि' यायचे. म्हणून गांधीजी कित्येक वर्षं 'गान्जी' होते. 'दे'पुढे बारीक 'इ' लिहून 'दि' साधण्याची सोय रुळली, तसे ते 'गान्दी'ही झाले.

मात्र काताकाना म्हणजे परक्यांची लिपी, ही वाटणी नवीच आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कायदेसुद्धा चिनी अक्षरं आणि काताकाना मिळून लिहीत आणि मुलं शाळेत आधी काताकाना गिरवत. 1946 मध्ये सरकारनं रोजच्या वापरासाठी 1850 चिनी अक्षरांची यादी केली, परकी नावं कानात, म्हणजे जपानी अक्षरलिपीत, लिहावीत असं ठरवलं आणि एरवीच्या लेखनात हिरागाना ही दुसरी जपानी अक्षरलिपी आली. रिकाम्या झालेल्या काताकानाकडे परकी नावं राहिली.

1991 मध्ये मंत्रिमंडळानं परक्या शब्दांच्या लेखनाचे तक्ते जाहीर केले. त्यात 'दि' मुख्य तक्त्यात बसला, फुकुझावांचा 'व्ह' दुसऱ्या तक्त्यात. पण तिथेच म्हटलं होतं की जे रूप रुळलंय ते तसंच ठेवावं. म्हणून गोव्याहून 1549 मध्ये कागोशिमाला गेलेला फ्रान्सिस झेवियर आजही कागोशिमात 'झाबिएरु' आहे आणि यामागुचीच्या चर्चवर 'साबिएरु'. 2019 मध्ये परराष्ट्र खात्यानं देशांच्या नावांतून 'व्ह' काढला आणि केप व्हर्दे या देशाच्या 'काबोव्हेरुदे'चं 'काबोबेरुदे' झालं.

डॉ. आंबेडकर जपानीत 'आन्बेएदोकारु' आहेत. 'र'ला उकार मिळतो, पण 'ड'ला ओकार, कारण जपानीत 'दु' म्हणायला गेलं की 'झु' होतं. नियम आहेत ते एवढे बारीक. तरी प्रत्येक नावापाशी निवड उरतेच. तोक्योच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे वैद्य आडनावाच्या कुणाला बँकेत खातं काढायचं झालं, तर नाव काताकानात द्यावं लागतं आणि 'व्हाइदिया', 'वाइदिया', 'बाइदिया' यांतलं एक ठरवावं लागतं. आपला 'व' तिन्हींत नेमका बसत नाही. पण पहिल्या फॉर्मवर जे लिहिलं, तेच पुढे पगार जमा होताना अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. हेबोनसाहेबांचं नाव रुग्णांच्या कानांनी ठरवलं होतं. वैद्यांना ते स्वतः ठरवता येतं, मात्र एकदाच.