साष्टी : घाटाखालचं बेट

दौंडला बसून समुद्रातल्या बेटाची उठाठेव कशाला, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. पण नातं जवळचं आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन्हीकडं वाटला जातो. कुरवंड्याकडून इंद्रायणी निघते, तुळापूरला भीमेला मिळते, आणि ते पाणी शिरूर-दौंडच्या शिवारातून पंढरपूरकडं जातं. राजमाचीच्या बाजूनं उल्हास नदी कोकणात उतरते, कल्याणवरून ठाण्याला येते आणि पश्चिमेला वळून घोडबंदरजवळून वसईच्या खाडीत जाते. तिनं उत्तरेकडून वळसा घातलेली जमीन म्हणजे साष्टी. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, भाईंदर, जुनं ठाणं हे सगळं बेटावर आहे. आपली मुलं तिथं नोकरीला आहेत, पण आपण बेटावर राहतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

नाव आलंय 'षट्षष्टी'वरून, म्हणजे सहासष्ट गावं. गोव्यातली सासष्टीही तशीच. गंमत अशी, की अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या खडकाचा उभा सुळका आहे, त्याचं वय भूवैज्ञानिक सहासष्ट दशलक्ष वर्षं सांगतात. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

बेटाच्या मधोमध डोंगर आहे, आणि डोंगरात कान्हेरी. मूळ शब्द कृष्णगिरी, काळा डोंगर. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं कोरत आलेली. लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. माझं म्हणणं, तिथं पाणी बघा. जवळपास प्रत्येक लेण्याजवळ खडकात टाकं आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी ही दानं दिली. डोंगरउतारावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्यांत वळवलंय. चहूकडं खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा हा हिशेब भिक्षूंनी मांडला. पुढं इंग्रजांनी त्याच डोंगररांगेत १८६० मध्ये विहार तलाव बांधून मुंबईला नळाचं पाणी दिलं, तेव्हा त्यांनीही तोच पाऊस अडवला. (जाणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतं. आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी पाहुण्यांनी सोडलेली ती आपली नावं.)

आता राजकारण. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई. वसईचा पराक्रम आपण गातो, पण साष्टी कशी गेली ते बोलत नाही. पुण्यात नारायणरावाच्या खुनानंतर भाऊबंदकी पेटली होती. ती संधी साधून डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मराठ्यांकडं बेट जेमतेम सदतीस वर्षं राहिलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं साष्टी कागदावर इकडून तिकडं फिरली. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांनी ती देऊन टाकली. जी ताब्यात नव्हती, तीच! पुढच्या मार्चमध्ये पुरंदरच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यात, कारभाऱ्यांनी राघोबांचा पाठिंबा काढून घ्यायला लावला, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळला इंग्रज फौज कोंडली गेली आणि त्यांनी सगळं परत द्यायचं कबूल केलं. सुटका झाल्यावर वरिष्ठांनी तो करार मानलाच नाही. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना मिळाली, साष्टी मिळाली नाही. त्यांचा हट्ट समजण्यासारखा होता. मुंबईच्या सात बेटांवर भातशेती कितीशी? साष्टीत भात होतं, जंगल होतं, आणि खाडीवरून जाणाऱ्या मालाची जकात ठाण्याला बसून घेता येत होती.

१८४५ मध्ये माहीमचा बांध झाला, १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि बेट लोकांच्या बोलण्यातून गेलं.

जंगल मात्र राहिलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्यात बिबटे आहेत, म्हणजे पुन्हा आपल्याच घरचा विषय. २००९ मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत एक बिबट्या पडला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी त्याला पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' हे त्याचं नाव, त्यावर पुढं सिनेमाही आला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून या उद्यानापर्यंत गेला. उद्यानाचा एक भाग वसई खाडीच्या उत्तरेलाही आहे, तेव्हा खाडी ही जनावराच्या लेखी हद्द नसावी. २०११ च्या डिसेंबरमध्ये तो महामार्गावर गाडीखाली मेला.

यावरून काही शहरी मंडळी म्हणतात, मुंबईकर बिबट्याबरोबर राहतात, तुम्हाला काय होतं? मला हा युक्तिवाद पटत नाही. मुंबईच्या बिबट्याला माघारी जायला जंगल आहे. शिरूरच्या बिबट्याचं घरच ऊस आहे, आणि त्याच उसात आपली माणसं पहाटे पाणी द्यायला जातात. आपल्या तालुक्यात माणसं गेली आहेत. २००४ मध्ये उद्यानाच्या कडेलाही बरीच गेली होती. पण पकडून लांब सोडा, ही मागणीही अपुरी आहे. आजोबानं ते चालून दाखवलं.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.