दोन हंगाम ओस पडलेले मैदान

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल (आपल्याकडील नव्हे; तेथे चेंडू हातात घेऊन धावतात) शिष्यवृत्त्यांच्या बळावर उभा असतो. डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या धनिक पाठीराख्यांचे मात्र तेवढ्याने समाधान होईना. १९८५-८६ मध्ये, आधीच्या अपराधांची शिक्षा चालू असतानाच, १३ खेळाडूंना त्यांनी चोरवाटेने सुमारे ६१,००० डॉलर पोहोचविले.

फेब्रुवारी १९८७ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्या वर्षीचा हंगामच रद्द केला आणि पुढील चार वर्षांच्या ५५ नव्या शिष्यवृत्त्या काढून घेतल्या. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने आपण होऊन सोडला. जुने खेळाडू बहुतेक अन्यत्र गेले.

पुनरुभारणीसाठी आले फॉरेस्ट ग्रेग, याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. ग्रीन बे पॅकर्स या नामांकित व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद सोडून त्यांनी ही जबाबदारी पत्करली. हाती लागली ती बहुतांशी पहिल्या वर्षाची कोवळी मुले. १९८९ साली ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ असे लोळविले. अकरा सामन्यांत विजय दोनच. त्यांतला कनेक्टिकटवरचा ३१-३० असा, अवघ्या एका गुणाने! पैसे वाटणारे निराळे आणि मार खाणारे निराळे, हा न्याय आमच्या मनास पटत नाही. पण सौम्य शिक्षांनी काही साधले नव्हते, हेही खरेच.

हंगामोत्तर सन्मानाच्या सामन्यात पुन्हा उतरण्यास २००९ साल उजाडले. होनोलुलूत त्या संघाने नेवाडाला ४५-१० असे हरविले, तेव्हा १९८९ ची ती मुले चाळिशीच्या उंबरठ्यावर होती.