बहुअँटेना बिनतारी संदेशवहन

प्रेषक आणि ग्राहक या दोन्ही टोकांना अनेक अँटेना वापरण्याची पद्धत. तिच्या मुळाशी असलेले अमेरिकी पेटंट (१९९४) आरोग्यस्वामी पॉलराज व टॉमस कैलथ यांचे. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे त्यांचे नाते: कैलथ पुण्यात जन्मले आणि १९५६ मध्ये तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, पॉलराज लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले.

भिंतींवरून, टेकड्यांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून संदेश क्षीण होतो. अनेक अँटेनांमुळे अनेक वाटा मिळतात; तोच मजकूर त्या साऱ्या वाटांनी धाडला, तर एखादी वाट तरी तगते. पुन्हा पाठवण्याची वेळ क्वचित येते, म्हणून विलंबही घटतो. प्रत्येक वाटेने वेगळा मजकूर धाडल्यास वेग वाढतो, पण खात्री उणावते. या ओढाताणीचे गणित २००३ मध्ये झेंग व त्से यांनी मांडले.