प्रवासातील मुक्कामाची ठिकाणे : महाड व पोलादपूर

लांबच्या प्रवासात रात्रीपुरते किंवा काही दिवसांपुरते थांबण्यासाठी बांधलेली अथवा वहिवाटीने ठरून गेलेली जागा म्हणजे मुक्कामाचे ठिकाण. मराठीत तिला पडाव, तळ, उतारा अशी नावे असून तेथे इमारत असल्यास धर्मशाळा, सराई, मुसाफरी बंगला, विश्रामगृह यांपैकी एखादा शब्द योजतात. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, घरवजा मोटार घेऊन हिंडणाऱ्यांसाठी पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेले तळ विसाव्या शतकात निघाले. वाहनातच झोपणे व तळावर चूल मांडणे ही रीत मात्र बैलगाडीच्या प्रवासात आपल्याकडे पूर्वीपासून होती. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील महाड व पोलादपूर या परिसरात अशा ठिकाणांचा सु. दोन हजार वर्षांचा माग काढता येतो. मुक्काम कोठे पडावा हे येथे पाण्यावर ठरत आले. आणि पाण्याला कोणी हात लावावा, यावर मुक्कामाची सोय कोणाच्या वाट्याला यावी हे ठरत आले.

महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. बाणकोटच्या खाडीत शिरलेली गलबते भरतीच्या पाण्याबरोबर येथपर्यंत येत. मराठीत पडाव म्हणजे एक प्रकारची नाव आणि पडाव म्हणजे प्रवाशांचा तळ. महाडच्या धक्क्यावर या शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. येथून वरंध घाटाने भोर व पुण्याकडे जाता येते. आग्नेयीस सु. १८ किमी. वर, म्हणजे पायी प्रवासाच्या हिशेबाने एका मजलेवर, पोलादपूर आहे. तेथे वाट फुटते : एक कशेडी घाटातून खेडकडे, दुसरी सह्याद्री चढून महाबळेश्वर, वाई व साताऱ्याकडे. घाट चढण्यापूर्वी जनावरांना एक रात्र विसावा देणे भाग असल्याने पोलादपूरचा मुक्काम सहसा टळत नसे.

पाऊस हा या मार्गांचा खरा नियंता होता. जूनपासून नद्या ओसंडत, होड्या बंद पडत, घाटातील वाटा निसरड्या होत आणि प्रवास जवळजवळ थांबे. उलट चैत्र-वैशाखात, प्रवासाच्या ऐन हंगामात, ओढे आटलेले असत. चार महिने पाण्यामुळे थांबायचे आणि उरलेल्या काळात पाण्यापाशी थांबायचे, असा हा क्रम होता.

त्याची सर्वांत जुनी खूण म्हणजे महाडजवळील गांधारपाले व कोल येथील बौद्ध लेणी. ती सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानली जातात. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम अशा वास्तूंच्या मुळाशी आहे. गांधारपाले येथील एका लेखात कुमार काणभोअ याच्या दानाचा उल्लेख असून त्यात चैत्यगृह व आठ खोल्या यांच्याबरोबर पाण्याची टाकी आणि लेण्याकडे नेणारी वाट यांचीही नोंद आहे. निवारा, पाणी आणि रस्ता या तिन्ही गोष्टी एकाच दानात याव्यात, हे लक्षणीय होय. लेणी भिक्षूंची होती, प्रवाशांची नव्हती. तथापि बंदराच्या वाटेवरील ही पाण्याची टाकी केवळ संघाच्याच उपयोगी पडत असतील, असे मानण्याचे कारण नाही.

पुढील अनेक शतके घाटमाथा व कोकण यांमधील माल बैलांच्या पाठीवरून जाई. लमाण व वंजारी यांचे तांडे मीठ, धान्य, गूळ यांची ने-आण करीत. ओढ्याकाठी उतरल्यावर गोण्या उतरवून त्यांची थप्पी भिंतीसारखी रचावी, जनावरे मध्ये घ्यावीत आणि राखणीस कुत्री ठेवावीत, ही त्यांची पद्धत होती. या तळांना इमारत नव्हती आणि त्यांची नोंदही कोणी ठेवली नाही. इतिहासाच्या पुस्तकांत मुक्काम येतात ते राजकारणाचे. १७९६ मध्ये नाना फडणीस महाडला येऊन राहिले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीरावही महाडकडे आला आणि तेथून सुवर्णदुर्गमार्गे वसईस गेला.

इंग्रजी अमदानीत महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२८ नंतर वाढू लागले. मुंबईचे यूरोपीय लोक जलमार्गाने नागोठणे किंवा बाणकोटपर्यंत येत, तेथून पालखीने वा घोड्यावरून महाडला पोहोचत आणि पार घाटाने वर चढत. त्यांच्यासाठी अशा मार्गांवर टप्प्याटप्प्याने बंगले उभे राहिले. अशा बंगल्यात खानसामा असे, नोंदवही असे आणि ठराविक शुल्क भरावे लागे. चोवीस तासांनंतर नवा प्रवासी आल्यास आधीच्याने जागा सोडावी, हा तेथील सर्वपरिचित नियम होता. एतद्देशीयांसाठी धर्मशाळा होत्या. काही पुण्यसंपादनासाठी धनिकांनी बांधलेल्या, तर काही १८६९ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या लोकल फंडातून बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरंध व आंबेनळी (फिट्झजेरल्ड) घाटांतून गाडीरस्ते झाले आणि पाठीवरचे ओझे चाकांवर आले. गाडीतळाचा काळ तो हाच. बैल सोडून जू जमिनीला टेकवायचे, वैरण टाकायची, तीन धोंड्यांची चूल पेटवून पिठले-भात शिजवायचा आणि गाडीत अथवा गाडीखाली पथारी पसरायची, असा दिनक्रम असे. विहीर जवळ असली म्हणजे तळ चांगला. छप्पर असले तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नसे.

अडत असे ते पाण्यावाचून, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचे पदोपदी अडे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत १९०१ मधील एक प्रवास वर्णिला आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी भाड्याच्या बैलगाडीतून निघालेली मुले रात्री जकातीच्या नाक्यापाशी थांबली. शिदोरी भरपूर होती. पण जात उघड होईल या धास्तीने सांगितलेली दुसरी ओळखही उपयोगी पडली नाही. पाणी मिळाले नाही आणि मुले गाडीतच उपाशी झोपली. हा प्रसंग सातारा भागातील असला, तरी घाटाखालची स्थिती निराळी नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, असे त्यात म्हटले होते. शाळा, न्यायालये, दवाखाने यांचाही त्यात समावेश होता. पाणवठा आणि धर्मशाळा या दोहोंचा एकत्र उल्लेख प्रवासाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण एकावाचून दुसरी निरुपयोगी असे. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. परंतु प्रत्यक्षात ते बंदच राहिले.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो लोक आसपासच्या जिल्ह्यांतून, पुष्कळसे पायी, भाकरी बांधून आले होते. एवढ्या मोठ्या तळाला पाणी कोठून आणावे, हा पहिलाच प्रश्न होता. गावात तळे असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा पसरली आणि जमावाने मंडपात जेवत असलेल्यांवर हल्ला केला. काहींना मुसलमानांच्या घरांत आश्रय मिळाला. आंबेडकर त्या वेळी मुसाफरी बंगल्यात उतरले होते. एकाच गावातील या दोन मुक्कामांतील अंतर त्या दिवशी फार मोठे ठरले.

पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद योजली गेली. आंबेडकर व प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरून पायी महाडला आले. मंडपासाठी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने जागा दिली. गावातील दुकानदार माल देतील याची खात्री नसल्याने काही दिवसांचा शिधा आधीच साठवावा लागला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे तळ्यावर जाणे मात्र तहकूब करण्यात आले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. अस्पृश्यांना वगळण्याचा हक्क देणारी प्राचीन वहिवाट सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. दहा वर्षांच्या या वादात तळ्याच्या मालकीचा प्रश्न फारसा अडचणीचा नव्हता. ते सरकारातून नगरपालिकेकडे आलेले होते. वाद होता तो वहिवाटीचा.

स्वातंत्र्योत्तर काळात मुक्काम आखडत गेले. १९४८ पासून राज्य परिवहनाच्या गाड्या सुरू झाल्या आणि मजलेचे गाव चहापाण्याच्या थांब्याचे गाव झाले. पोलादपूरच्या स्थानकावर पूर्वीची रात्र दहा-पंधरा मिनिटांवर आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती महाड शहराला बाजूस ठेवून वीरवरून गेली. त्यामुळे या भागाचे जीवन महामार्गावरच राहिले. तो पूर्वी क्र. १७ होता, आता क्र. ६६ आहे.

पावसाळ्यातील सक्तीचा मुक्कामही या रस्त्याने संपविला, आणि त्याचे मोल काही वेळा फार जबर पडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील १९२८ चा पूल पुरात कोसळला. राज्य परिवहनाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुन्या काळी त्या दिवसांत या नदीपाशी रात्री कोणी आलेच नसते. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुन्हा पुराखाली गेले.

वाहनातील मुक्कामाला राज्य शासनाने १००-१२५ वर्षांपूर्वीच्या गाडीतळानंतर पुन्हा अधिकृत रूप दिले ते २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाने. घरवजा गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी सोयीसुविधांनी युक्त तळ यांची तरतूद त्यात आहे. महाडला मात्र वर्षातील मोठे तळ अजून जुन्याच पद्धतीचे पडतात. ६ जूनच्या सुमारास रायगडावर व पायथ्याच्या पाचाडला शिवभक्त उघड्यावर झोपतात. २० मार्चला चवदार तळ्याभोवती दूरदूरच्या गावांहून आलेले लोक जमतात, शिदोऱ्या सोडतात आणि तळ्याचे पाणी ओंजळीने पितात.