यंत्राच्या पोटातलं यंत्र आणि बाबांची ८४ पानं

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या, ८४ पानं. एक स्वच्छ प्रत काढून साताऱ्याला न्यायची आणि तिथे झेरॉक्स करून भावंडांना वाटायची, असं ठरलं. विमान शुक्रवारचं. घरात प्रिंटर आहे, मग त्यात काय मोठंसं? असं वाटलं खरं!

घोळ असा, की फाइल युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली. या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या जागी संगणक इंग्रजी अक्षरं नाहीतर चिन्हंच साठवतो. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. ते टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, म्हणून मी एक्सपी एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या आभासी संगणकात, जपून ठेवलंय. तिथे बाबांची अक्षरं व्यवस्थित दिसली, पण नेटवर्कवरचा प्रिंटर काही सापडेना.

मंडळी, ही अडचण नवी वाटते, पण तिची मुळं फार जुनी आहेत. त्यातलं एक तर मी राहतो त्या बॉस्टनच्या शेजारी, केंब्रिजमध्ये आहे. आयबीएमच्या तिथल्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच मोठ्या संगणकावर १४ आभासी संगणक! पुढे तिच्यातूनच सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० आली. या आभासी यंत्रांना आभासी प्रिंटरही असे. वापरणाऱ्याला वाटे की छापून झालं, पण मजकूर आधी डिस्कवर जमा होई आणि खरा प्रिंटर मोकळा झाला की सावकाश कागदावर उतरे. म्हणजे आभासी यंत्राला छापायला शिकवणं हे पहिल्या पिढीतलंच काम.

दुसरं मूळ कॅलिफोर्नियात. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गॅरी स्टार्कवेदर १९७१ पासून लेझर प्रिंटर घडवत होते. तो सेकंदाला एक पान काढायचा. असं महागडं यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर कुठून येणार? ते सगळ्यांत वाटून घ्यायला हवं. बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या इथरनेटमागे हीही एक मोठी गरज होती. थोडक्यात, आपल्या ऑफिसातलं नेटवर्क प्रिंटरसाठीही जन्माला आलंय!

असो. आता माझा घोळ. आभासी संगणकाचं नेटवर्क खऱ्या संगणकाच्या आडून चालत होतं. ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ ही हाक सगळ्यांना उद्देशून असते आणि ती त्या आडोशाबाहेर जातच नाही. पण नेमका पत्ता लिहिलेलं पाकीट मात्र जातं. म्हणून शोधाशोध सोडली आणि प्रिंटरचा आयपी पत्ता आणि पोर्ट ९१०० हाताने भरला. जोडणी झाली!

मग ड्रायव्हर. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर एक्सपीसाठी कोण काढणार? एक्सपीचा आधारच २०१४ मध्ये संपला. इथे कामी आली पोस्टस्क्रिप्ट. अडोबीने १९८४ मध्ये आणलेली ही पानाचं वर्णन करणारी भाषा माझ्या प्रिंटरला अजून समजते. एक्सपीतल्या याद्या चाळून एक जुना पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडला. या भाषेत अक्षरांचे आकारही मजकुरासोबत जाऊ शकतात, त्यामुळे प्रिंटरला मराठी यायची गरजच नाही. रात्री दीड वाजता पहिलं पान बाहेर आलं. वेलांट्या, रफार, सगळं जागच्या जागी.

८४ पानं निघेपर्यंत तिथेच उभा होतो. बाबांनी शेवटच्या पानावर विहिरीच्या पाण्याबद्दल लिहिलंय, ते तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

साताऱ्याहून परत आल्यापासून रोज दोन पानं युनिकोडमध्ये उतरवतोय. हा आडमार्ग आज चालला, पण दर वेळी चालेलच असं नाही. तुमच्याही घरी एखाद्या जुन्या संगणकात कुणाच्या अशा फाइल पडल्या असतील, तर येत्या रविवारी तो संगणक एकदा चालू करून बघाच.